घड्याळाला माझा फोन चालत नाही

हरभऱ्याला घाट्याचं पाणी चालू आहे. या आठवड्यात लाईन रात्रीची, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप रात्रीच बदलावे लागतात. थंडी चांगली आहे, दव पडते, घाटेअळी अजून आटोक्यात आहे. आज मात्र पिकाबद्दल कमी आणि घड्याळाबद्दल जास्त लिहितो.

मागच्या पाळीत मी पडलो. दुसरी लाईन उचलायला गेलो, ओल्या धुऱ्यावर पाय सरकला आणि घोट्यातून कड्‌ आवाज आला. उठता येईना. मोबाईल मोटारीच्या खोलीत चार्जिंगला. आवाज दिला तर आजूबाजूच्या स्प्रिंकलरच्या फटफटीत कोणाला ऐकू जाणार? शेजारच्या वावरातले दादा पहाटे चहा घेऊन आले तेव्हा त्यांना मी दिसलो. तोपर्यंत माझ्याच नोझलचं पाणी दर फेऱ्याला माझ्या अंगावर पडत होतं. हाड मोडलं नव्हतं, नशीब.

पोरगा पुण्याला असते. त्याला कळल्यावर आठ दिवसांत कुरिअर आलं. त्याचं जुनं घड्याळ, काळा पट्टा, काच एकदम गुळगुळीत. फोनवर म्हणे, "बाबा, हे हातात घाला. तुम्ही पडले तर याला समजते. तुम्ही हलले नाही तर ते स्वतः फोन लावते."

घरच्यांनी ते घड्याळ आधी देव्हाऱ्यासमोर ठेवलं. मग मी हातात घातलं आणि जोडायला बसलो. ब्लूटूथ चालू, घड्याळ चालू, पण माझा फोन काही त्यात येईना. तासभर गेला. शेवटी पोराला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, तुमचा फोन ॲन्ड्रॉइड हाय ना?"

"मग? घड्याळ तं चांगलं हाय!"

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्याकडं आयफोन, म्हणून त्याच्या ध्यानातच आलं नाही. चूक घड्याळाची नाही, कंपनीनं हे लपवूनही ठेवलेलं नाही. आम्ही दोघांनी विचारलं नाही, एवढंच.

मग मी थोडा खोलात गेलो, ते तुमच्या कामी पडावं म्हणून सांगतो. ॲपलचं घड्याळ सुरू करायलाच आयफोन लागतो, ॲन्ड्रॉइडवर ते जोडता येत नाही. घरातल्या दुसऱ्याच्या आयफोनवरून म्हाताऱ्या माणसाचं किंवा लेकराचं घड्याळ लावून देता येते, पण त्यासाठी घड्याळ सिमचं नेटवर्क घेणारं पाहिजे. पोराचं तसं नाही. तसं नसलं की मोबाईल जवळ नसताना ते फोन कुठून लावणार? म्हणजे मोटारीच्या खोलीत मोबाईल ठेवून पडलो असतो तर आयफोन असूनही उपयोग नव्हताच. हे समजल्यावर मला जरा बरं वाटलं, खरं सांगतो.

उलट बाजूनंही तसंच. सॅमसंगची जुनी घड्याळं आयफोनला जोडता यायची. २०२१ मध्ये गॅलक्सी वॉच ४ आलं, तेव्हापासूनची आयफोनला चालत नाहीत. आपल्या बाजारात मिळणारी दीड-दोन हजारांची घड्याळं मात्र बहुतेक दोन्हीकडं चालतात, कारण ती स्वतःचं ॲप देतात आणि साध्या ब्लूटूथवर चालतात. पण आयफोनवर अशा घड्याळातून मेसेजला उत्तर देता येत नाही. आणि काही ॲन्ड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला घड्याळाचं ॲप मागून बंद करून टाकतात. घड्याळ सारखं तुटत असेल तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्या.

हा वाद फक्त आपला नाही. अमेरिकेच्या न्याय खात्यानं मार्च २०२४ मध्ये ॲपलवर खटला भरला, त्यात घड्याळाचाही मुद्दा आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपियन कमिशननं सांगितलं की दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांना आयफोनशी नीट जोडता आलं पाहिजे. तिथला नियम तिथंच, आपल्या वावरात काही आला नाही.

मी विचार करत होतो ट्रॅक्टरचा. आमच्याकडच्या ट्रॅक्टरांचा पीटीओ ५४० फेऱ्यांचा, सहा खाचांचा. रोटाव्हेटर कोणाचा, ट्रॅक्टर कोणाचा, कोणी विचारत नाही. पिन टाकली, शाफ्ट घातला, निघाले. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचंही तसंच, आत सिम आहे, बटनाच्या फोनवरून लावला तरी मोटार चालू होते. आता कोणी म्हणेल, मग स्प्रिंकलरचे पाइप? ते खरं आहे. माझ्याकडं दोन कंपन्यांचे पाइप आहेत, दोन्ही ७५ मिमीचे, पण एकाचा लॅच दुसऱ्यात बसत नाही. जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळतो. घड्याळाला ट्यूब कुठं गुंडाळू?

पोरगा म्हणे, "बाबा, जुना आयफोन पाठवतो." मी नको म्हणालो. माझ्या फोनमध्ये वावराचे फोटो, पाच वर्षांचे मार्केटचे भाव, सगळ्या गटांचे नंबर. ते सोडून मी हातातल्या घड्याळासाठी फोन बदलू काय? घरच्यांना हे पटलं नाही. त्या रात्री त्या जाग्याच होत्या, हे मला नंतर कळलं.

वाशिमला पाटणी चौकाकडं गेलो होतो तेव्हा एक साधं घड्याळ घेतलं. दुकानदारासमोर माझ्या फोनला जोडून पाहिलं, मगच पैसे दिले. पाऊलं मोजते, फोन वाजला की हातात थरथरते. रक्तदाबही दाखवते, पण त्यावर मी गोळी कमी-जास्त करणार नाही. माणूस पडला हे त्याला समजत नाही. फोनपासून दहा-पंधरा पावलांच्या पुढं गेलो की ते एकटंच राहते, म्हणून मोबाईल आता दुधाच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या खिशात असतो.

पोराचं घड्याळ परत पाठवलं. आज लाईन अकराला येते. शेजारचे दादा बारा वाजता एक मिसकॉल देणार, मी परत देणार. मग दोनला, मग चारला. घरच्यांनी त्यांना चार वेळा सांगून ठेवलं आहे.