मागून मोजायचा महिना

आपल्याकडे बायकांच्या महिन्यात चारच दिवसांना नाव आहे. आणि नावं तरी किती... अडचण, विटाळ, 'बाहेरची', 'कावळा शिवला', हल्लीच्या मुलींचं 'डेट आली'. बाकीच्या दिवसांत शरीरात काय चालतं, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गडचिरोलीच्या माडिया भागात तर काही गावांत बाई अजूनही ते दिवस कुर्माघरात काढते. म्हणजे पाळी कधी आली ते अख्ख्या गावाला ठाऊक, पण स्त्रीबीज कधी सुटलं ते खुद्द तिलाही नाही!

खरं तर महिन्यातली मुख्य घटना तीच. बीजकोशातून बीज सुटतं, गर्भाशयात त्याच्यासाठी मऊ अस्तर तयार होतं, आणि गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं. पाळी म्हणतात ती हीच. पण आपण शेपूट तेवढं मोजतो.

बीज सुटतं कधी, असं विचारलं तर शिकलेल्या बायका लगेच म्हणतात, चौदाव्या दिवशी. मला यातली मेख कळली ती धानामुळे. हसू नका, सांगते.

आमच्या नागभीडकडे पावसाळ्यापासून धानाशिवाय दुसरा विषय नसतो. हलकं धान लवकर हाती येतं, भारी धान बरंच मागाहून. पण एकदा निसवलं, की हलकं असो वा भारी, कापणीला साधारण महिनाच लागतो. फरक पडतो तो निसवण्याआधीच्या दिवसांत. लोंबी दिसली की शेजारच्या काकू विळे कधी काढायचे ते सांगून मोकळ्या होतात.

बाईच्या शरीराचा हिशोब अगदी असाच आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत बहुतेकींना १२ ते १४ दिवस लागतात, कोणाला थोडे कमी-जास्त. मागेपुढे होतं ते बीज पिकायला लागणाऱ्या वेळात. म्हणून २८ दिवसांनी पाळी येत असेल तर चौदावा दिवस ठीक. पण ४० दिवसांनी येत असेल तर बीज सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे.

हा हिशोब १९२४ साली मांडला तो क्युसाकू ओगिनो या जपानी डॉक्टरांनी. ते काम करत निइगाताला, आणि तो प्रांतही भातासाठीच प्रसिद्ध! मला उगाचच आपलं माणूस वाटतं ते.

आता यात एवढं काय, असं वाटेल. ओळखीतल्या एका मुलीचं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. पाळी ३८-४० दिवसांनी. सासूपासून मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी तिला चौदावाच दिवस सांगितलेला. पुरुषबीज बाईच्या शरीरात फार तर पाच दिवस टिकतं, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. म्हणजे दिवस चुकत होते दोघांचे आणि बोल लागत होता तिला एकटीला. वहीत सहा महिन्यांच्या तारखा लिहून ती नागपूरला गेली, तेव्हा पहिल्यांदा डॉक्टर नवऱ्याशी न बोलता तिच्याशी बोलले. तिची थायरॉइडची तपासणी झाली. नवऱ्याचीही झाली, तीही तिने हट्ट धरला म्हणून. पुढे काय झालं तो तिचा विषय, इथे नको.

हे ओळखायला खर्च लागत नाही. पहाटे अंथरुणातून उठण्याआधी ताप मोजला, तर बीज सुटल्यानंतर तो ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेला दिसतो आणि पाळीपर्यंत तसाच राहतो. पण रोवण्याच्या दिवसांत अर्धवट झोपेत उठणाऱ्या बाईला हे कुठलं जमायला? तिला सोपी खूण म्हणजे स्राव. बीज सुटायच्या सुमारास तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा होतो, बोटांत तार निघते.

आणि इथेच घोळ होतो. 'अंगावर पांढरं जातं' म्हणून बायका घाबरतात, अशक्तपणा आला म्हणतात. महिन्याच्या मध्यात येणारा हा स्वच्छ स्राव आजार नाही. मात्र खाज, दुर्गंधी, दह्यासारखा स्राव किंवा ओटीपोटात दुखणं हा आजार असू शकतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. निरोगी असलेलीला भीती आणि आजारी असलेलीला सवय, असं चाललेलं असतं.

आणखी एक. पाळी येते म्हणजे बीज सुटतंच असं नाही. वयात येताना, पाळी जायच्या सुमारास, थायरॉइड किंवा पीसीओएस असेल तर, पोटाला पुरेसं नसेल आणि कष्ट फार असतील तर बीज न सुटताही रक्तस्राव होतो. मोठ्या बाईची पाळी सतत २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, तर डॉक्टरांना विचारावं. मोबाइलमधलं अ‍ॅप तारीख दाखवतं, पण नुसत्या तारखांवरून ते अंदाजच करतं. आणि नुसत्या तारखांच्या भरवशावर दिवस टाळायला जाऊ नये. ओगिनोंनाही आपल्या हिशोबाचा तसा वापर मान्य नव्हता.

आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, गॅस सिलिंडर, भिशी, सगळ्याच्या खुणा असतात. त्यात आपली एक टिकली का नसावी? पाळीला एक, आणि स्राव बदलला त्या दिवशी दुसरी. मुलीने विचारलंच तर सांगून टाकावं, काय आहे ते.