दुसरी प्रत इंदूरला होती

मी बडोद्याचा. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात वाईकडून इथं कारकुनीला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मूळ गावी आता ना घर, ना ओळखणारं कुणी. त्यामुळे आमचं ‘गाव’ म्हणजे घरातले फोटो. पगडीतले पणजोबा, दांडिया बाजारातल्या वाड्याच्या चौकात आजीचं लग्न, सुरसागराच्या काठावर बाबा आणि आत्या. ते फोटो कसे गेले आणि कसे परत आले, ते आज सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी सगळे अल्बम स्कॅन केले. सोळाशेच्या आसपास फोटो, सहाशे डीपीआयला. एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणली आणि झालं काम, असं समजलो. वर्षभरात भाच्याचा पाय वायरीत अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून खाली. पुन्हा लावली तर नुसतं टक-टक. दुकानदारानं समजावलं, आतल्या चकत्या मिनिटाला हजारो फेऱ्या फिरतात आणि वाचणारं टोक चकतीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतं. चालू असताना धक्का बसला की ते चकतीवर घासतं. डिस्क वॉरंटीत होती, बदलून नवी मिळाली, पण कोरी! वॉरंटी डिस्कची असते, आतल्या फोटोंची नसते, हे तेव्हा कळलं. अल्बम घरात होते म्हणून वाचलो. दोन महिने पुन्हा स्कॅनिंग.

मग मात्र भरवशाची डिस्क कुठली, याचा मी फार शोध घेतला. थोडक्यात सांगायचं तर फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आज तीनच आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. कुठलीही घ्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. हजार-दोन हजारांत सोळा टीबी म्हणून जे विकतात ते खोटं असतं. आकडा मोठा दाखवतात, आत जागा नसते. (एक टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ९३१ जीबी दिसते, ती मात्र फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी.) एसएसडीत फिरणारं काही नसतं, धक्का सोसते, वेगही चांगला. पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू ती नव्हे.

एवढं करून निष्कर्ष काय? एकही डिस्क भरवशाची नाही. म्हणून दोन घ्यायच्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या, म्हणजे एकाच खोटीनं दोन्ही जाणार नाहीत. आणि दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत.

दुसरी मी आत्याकडे इंदूरला, रामबागेत ठेवली. ती घरातल्यांच्या कुंडल्या एका पितळी डब्यात ठेवते, त्यातच ही. “तुझी डबी माझ्या डब्यात आहे रे, काळजी करू नकोस,” म्हणायची. दर दिवाळीला मी जायचो आणि नवे फोटो तिच्यात भरून यायचो. शेवटचा गेलो २०२३ च्या दिवाळीत.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्याही वर गेलं. आमचं घर समा भागात, तळमजल्यावर. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री काढल्या. खाली उतरलो तेव्हा अल्बमची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. डिस्क टेबलाच्या खणात, गाळात.

इथं माझी सगळ्यात मोठी चूक. डिस्क पुसली, चार दिवस पंख्याखाली ठेवली आणि लावून पाहिली. डेटा काढून देणाऱ्या मुलानं नंतर हात जोडले, “काका, आ नहीं बचे.” अशा डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथली गाळणी धूळ अडवते, पुराचं पाणी नाही. आत गाळ गेला होता आणि मी वीज देऊन चकत्या फिरवल्या. न लावता तशीच आणली असती तर काही आशा होती, म्हणाला.

आत्याला फोन केला तेव्हा मला बोलवेना. तीच म्हणाली, “अरे, डबा आहे ना!” गणपती झाल्यावर इंदूरला गेलो. डिस्क लावली आणि पणजोबा दिसले. आत्या आणि मी दोघंही रडलो.

पण दिवाळी २०२३ नंतरचं त्यात काही नव्हतं. आई २०२४ च्या जूनमध्ये गेली. तिचा शेवटचा पाडवा, गुढीला हार घालताना, मी नीट कॅमेऱ्यानं टिपला होता. फोन भरला म्हणून मे महिन्यात ते आणि फोनमधले सगळे फोटो डिस्कवर टाकले आणि बाकी ठिकाणचे पुसले. त्याला मी बॅकअप म्हणत होतो! ती तर फक्त जागा बदलली होती. फॅमिली ग्रुपवर पाठवलेले चार फोटो तेवढे मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपनं लहान केलेले. मोठं करून पाहिलं की आईचा चेहरा विस्कटतो.

आता नेम असा आहे: एक डिस्क घरी, माळ्यावर. एक इंदूरला. तिसरी प्रत क्लाउडवर. दोन प्रती झाल्याशिवाय फोनमधून काही पुसायचं नाही. पाडवा आणि दिवाळी, वर्षातून दोनदा दोन्ही डिस्क लावून दहा-बारा फोल्डर उघडून बघायचे. पाच वर्षं झाली की डिस्क बदलायची, ती चालत असली तरी.

आत्या आता ७८ ची आहे. गेल्या दिवाळीत तिनं नातीला बसवून डबा दाखवला, “ह्यात कुंडल्या, आणि ही मामाची डबी. हिला हलवायचं नाही.”

मंडळी, तुमची दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे? नसेल तर या दिवाळीला फराळाबरोबर एक डिस्कही पाठवा.