हललेला फोटो

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर तीन फोटो आहेत. एक तथागतांचा, एक बाबासाहेबांचा आणि तिसरा कार्ल्याच्या लेण्याचा. हा तिसरा काळा-पांढरा, 1991 सालचा. वडिलांच्या एका मित्राकडे आग्फाचा डबा कॅमेरा होता; एका रोलात बारा फोटो निघत. त्यांच्याबरोबर आम्ही सहकुटुंब कार्ल्याला गेलो होतो. चैत्यगृहाच्या ओवरीत, दगडी हत्तींपाशी त्यांनी आम्हां भावंडांना उभे केले आणि "हलू नका रे" म्हणाले. आम्ही हललो नाही. धाकटी बहीण हलली. त्यामुळे फोटोत हत्ती स्वच्छ आले, मागची कोरीव जोडपी स्वच्छ आली, आम्हीही ठीक आलो. आणि आमच्या शेजारी नुसता एक पांढुरका धूसर पट्टा आला. तिचा एवढाच फोटो आहे. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. खाजगी इस्पितळात आधी डिपॉझिट मागितले. वडील उसने पैसे आणायला धावले. ते घेऊन आले तेव्हा उशीर झाला होता.

हे सारे आज लिहायला कारण झाले एक पुस्तक. आमची थोरली कॉलेजात आहे, तिला फोटोग्राफीचे वेड. गेल्या महिन्यात तिने ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणले आणि जेवणे झाल्यावर आमच्यापुढे उघडून ठेवले. "पप्पा, हे बघा. घाईने पाने उलटू नका."

कंबोडियातल्या अंगकोरच्या प्राचीन देवळांचे ते फोटो होते. आम्ही पडलो बी.कॉम., कलेतले आम्हांला काय कळणार? पण एका पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. बायोन नावाच्या मंदिराचे बुरूज, आणि प्रत्येक बुरुजावर मिटल्यासारख्या डोळ्यांचे, किंचित हसरे, प्रचंड दगडी चेहरे. दुसऱ्या पानावर भिंतीला मिठी मारून बसलेली झाडाची मुळे. काळा-पांढरा म्हणायचे एवढेच. खरे तर काळे थोडे, पांढरे त्याहून थोडे. बाकी सारा करडा. राखेचा करडा, ओल्या पाटीचा करडा, आषाढातल्या आभाळाचा करडा. रंगीत फोटोत नजर आधी भडक गोष्टीवर जाते. इथे तिला पळायला जागाच नव्हती. बघताबघता गल्लीतल्या टीव्हीचा आवाजही ऐकू येईनासा झाला.

हे फोटो काढणारा केन्रो इझू. जन्म 1949 साली जपानमधल्या ओसाका शहरात. पुढे न्यूयॉर्कला गेला आणि पोटासाठी जाहिरातींचे फोटो काढू लागला. 1979 मध्ये इजिप्तचे पिरॅमिड पाहिले आणि तेव्हापासून जगातली जुनी पवित्र स्थळे टिपायचे व्रतच घेतले. त्याचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटारा. सरंजामासह सुमारे तीनशे पौंडांचा, उचलायला माणसे लागत. निगेटिव्ह चौदा इंच बाय वीस इंच! ती मोठी करायची नसते. प्लॅटिनमचे क्षार लावलेल्या कागदावर ती तशीच ठेवून प्रकाश द्यायचा, की तेवढ्याच आकाराचा फोटो तयार. चित्र कागदाच्या वर चकाकत नाही, कागदाच्या धाग्यांत मुरते, आणि सहसा विटतही नाही. थोरली हे सांगत होती आणि आम्ही मनातल्या मनात खर्चाचा हिशेब करत होतो. कारकुनाचा जन्म, दुसरे काय!

पण एक गोष्ट खटकली. इतकी पाने उलटली, पण माणूस कुठेच दिसेना. आम्ही विचारले, "एवढ्या मोठ्या देवळात कोणी येत-जात नाही का?"

ती म्हणाली, "असा फोटो घ्यायला भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागते, पप्पा. तेवढ्यात कोणी चालत गेलं तर ते उमटतच नाही. दगड हलत नाही, म्हणून दगड उमटतो."

आमची नजर भिंतीवरच्या तिसऱ्या फोटोकडे गेली. तिचीही गेली. मग आम्ही दोघे काही बोललो नाही.

आता पुढची हकिगत, जी आम्हांला त्या फोटोंहूनही मोठी वाटते. इझू 1993 साली अंगकोरला गेला तेव्हा कंबोडिया युद्धातून नुकता बाहेर पडत होता. शेतांत सुरुंग पेरलेले, देवळांभोवती हातपाय गमावलेली मुले. औषधाला पैसे नाहीत म्हणून पोर मरते, हेही त्याने पाहिले. त्याची पाठ फिरली नाही. त्याने एक संस्था काढली, आपली चित्रे विकून पैसा उभारायला सुरुवात केली, लोकांकडे मागितलेही. आणि 1999 मध्ये देवळांशेजारच्या सिएम रीप शहरात मुलांचे इस्पितळ उघडले. पैसे नाहीत म्हणून मूल परत पाठवायचे नाही, हा तिथला नियम. पुढे 2015 मध्ये लाओस देशातही असेच एक इस्पितळ झाले.

बायोन बांधणारा राजा सातवा जयवर्मन बौद्ध होता. त्याचा 1186 सालचा शिलालेख ता प्रोम मंदिरात सापडला आहे. राज्यात 102 रुग्णालये असल्याची नोंद त्यात आहे. आम्हांला अभिमान वाटला, का वाटू नये? पण आकडे तपासायची सवय जात नाही. त्याच लेखात त्या एका मंदिराच्या सेवेला लावलेल्या माणसांचाही आकडा आहे: 79,365. तांदूळ पिकवणारी, दगड झाडणारी, दिवे लावणारी ही माणसे. फोटोत नसलेली माणसे ती हीच, असे आम्हांला वाटून गेले.

आमच्या विहार समितीत सध्या प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी चालू आहे, खजिनदार आम्हीच. गेल्या रविवारी आम्ही हे पुस्तक बैठकीत नेले आणि सुचवले की जमेतला काही भाग वस्तीतल्या आजारी मुलांसाठी बाजूला ठेवावा, रात्री-अपरात्री डिपॉझिटला उपयोगी पडेल असा. एक ज्येष्ठ उपासक चिडले. "म्हणजे आमच्या विहाराला दारच नको?" त्यांचेही चूक नाही, चाळीस वर्षे ते पत्र्याच्या शेडमध्ये वंदना घेत आले आहेत. महिला मंडळाच्या बायका मात्र आमच्या बाजूने उठल्या. बऱ्याच वादानंतर तिसरा हिस्सा ठरला. कमान आता साधी होईल, नक्षी राहील.

तो कार्ल्याचा फोटो ओल लागून कडेने सोलायला लागला होता. परवा थोरली तो नाक्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेली, सोबत आम्हीही गेलो. पोरगा हुशार. संगणकावर फोटो चढवून म्हणाला, "काका, डाग सगळे निघतील. आणि हा बाजूचा पांढरा पट्टा आहे ना, तोही पुसून देतो. मागचा हत्ती पूर्ण दिसेल."

थोरलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "डाग काढ. पट्टा राहू दे."

त्याने साठ रुपये घेतले. फोटो आता नव्या चौकटीत आहे, जुन्याच खिळ्यावर.