संशयित फाइलचा माग

घरगुती संगणकावरील अ‍ॅडवेअर, म्हणजे वापरणाऱ्याला न विचारता किंवा त्याची अर्धवट संमती घेऊन जाहिराती दाखवणारा आणि त्यातून तिसऱ्याच कोणाला पैसे मिळवून देणारा प्रोग्रॅम, हा व्हायरसाइतका उघड उपद्रवी नसतो आणि त्यामुळेच तो ओळखणे अधिक जिकिरीचे ठरते. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना हाती लागलेल्या इन्स्टॉलरमध्ये एका चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असते, घाईत ‘नेक्स्ट’ दाबत जाणाऱ्या माणसाचे तिकडे लक्ष जात नाही आणि कागदोपत्री त्याची परवानगी मिळाल्याचे ठरते. या संमतीच्या आडोशामुळे अँटिव्हायरस कंपन्या अशा प्रोग्रॅमना थेट घातक न म्हणता ‘संभाव्य नकोसे’ अशा वेगळ्या वर्गात टाकतात. ठेवायचे की काढायचे, हा निर्णय त्यामुळे बहुतेक वेळा यंत्राकडून माणसाकडे परत येतो, आणि अ‍ॅडवेअर काढण्याच्या कामातले खरे कौशल्य या निर्णयातच असते.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरचेवर उमटणारी ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ अशा धर्तीची सूचना पुष्कळदा कोणत्याही फाइलमुळे येत नाही. एखाद्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी पूर्वी कधी तरी दिली गेलेली असते आणि ब्राउझर तिचे निमूटपणे पालन करत असतो. ती परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द केली की त्रास थांबतो. तेवढे न पाहता सगळी डिस्क स्कॅन करत बसणे, पाठोपाठ दुसरे आणि तिसरे ‘क्लीनर’ उतरवून घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय त्या क्लीनरांपैकीच एखादा नवे अ‍ॅडवेअर घेऊन येण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

दोष खरोखरच डिस्कवर आहे असे दिसले, तर संशयित फाइलची पारख सुरू होते आणि तीत नावाला सर्वांत कमी महत्त्व द्यावे लागते. ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजच्या अनेक सेवा चालवणारी अस्सल फाइल असते आणि ‘सिस्टिम 32’ या फोल्डरमध्ये ती असणे स्वाभाविकच असते. तेच नाव धारण केलेली फाइल वापरणाऱ्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये, निरर्थक अक्षरांच्या एखाद्या उपफोल्डरात आढळली, तर तिची जागाच तिच्याविरुद्ध साक्ष देते. अ‍ॅपडेटामध्ये काही बसवण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, म्हणून ही जागा अ‍ॅडवेअरला सोयीची असते. मात्र अनेक सज्जन प्रोग्रॅमही तिथेच राहतात, हेही विसरून चालत नाही. जागेनंतर तारीख पाहायची. फोल्डर तयार झाल्याची वेळ आणि तो फुकटचा कन्व्हर्टर बसवल्याची वेळ यांत दोन-तीन मिनिटांचेच अंतर निघाले, तर संशयाला बळ मिळते. त्यानंतर डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे फाइल कोणी तयार केली आणि नंतर तिच्यात बदल झाला नाही ना, हे पडताळता येणारी खूण. स्वाक्षरीवरून कर्ता कळतो, त्याचा हेतू कळत नाही. रीतसर नोंदवलेल्या कंपन्यांनी रीतसर स्वाक्षरी करून बाजारात सोडलेले अ‍ॅडवेअर भरपूर आहे.

एवढ्यानेही निर्णय होत नसेल, तर फाइलचा हॅश काढावा. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसा, जो एसएचए-256 या पद्धतीत 64 अक्षर-अंकांचा असतो. 2004 मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेल्या आणि 2012 मध्ये गूगलने विकत घेतलेल्या व्हायरसटोटल या सेवेवर तो शोधला, की अनेक अँटिव्हायरस इंजिनांचा कौल एकत्र पाहायला मिळतो. तिथे फाइल न चढवता आधी हॅशच शोधणे हे शहाणपणाचे असते, कारण चढवलेली फाइल इतर सदस्यांनाही उपलब्ध होऊ शकते आणि घरच्या संगणकावर कोणत्या फाइलमध्ये काय खासगी असेल, याचा भरवसा नसतो. कौल वाचतानाही तारतम्य लागते. दोन-तीन इंजिनांनी मोघम नावाने हरकत घेणे आणि पुष्कळ इंजिनांनी एकाच कुळाचे नाव घेणे, यांचे वजन सारखे नसते.

फाइल ओळखली म्हणजे काम संपले, ही समजूत मात्र सर्वांत महागात पडते. डिस्कवर पडून राहिलेली फाइल स्वतःहून काहीच करत नाही. तिला कोणीतरी चालू करावे लागते, आणि ते करणारी नोंद शिल्लक असेल, तर डिलीट केलेली फाइल संगणक पुन्हा सुरू होताच नव्याने उतरवली जाऊ शकते. या नोंदी लपण्याच्या जागा अनेक आहेत. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सगळी मांडणी जिथे नोंदलेली असते तो कोश, त्यातली ‘रन’ ही किल्ली. ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा टास्क शेड्यूलर. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसेस. आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन. मायक्रोसॉफ्टच्या संग्रहातील, मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी तयार केलेले ‘ऑटोरन्स’ हे साधन यांतल्या बहुतेक जागा एका यादीत मांडते. त्यातल्या गुलाबी ओळी स्वाक्षरी न पटलेल्या असतात, तर पिवळ्या ओळींमध्ये नोंद असते पण तिने बोलावलेली फाइल जागेवर नसते. नोंद न काढता फाइल तेवढी पुसली गेली, की अशी पिवळी ओळ मागे राहते, त्यामुळे आधी झालेल्या घाईच्या सफाईचा माग तिथे बरेचदा लागतो.

काही नोंदी या यादीतूनही सुटतात. डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या, की ‘टार्गेट’ या चौकटीत ब्राउझरचा पत्ता अवतरणचिन्हांत दिसतो. शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून भलत्याच संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर होमपेज कितीही वेळा बदलले तरी प्रत्येक वेळी तेच पान उघडते. चौकट अरुंद असल्यामुळे ही शेपटी नजरेआड राहते, म्हणून कर्सर ओळीच्या टोकापर्यंत नेऊन पाहायचे असते. ज्या घरात कोणत्याही कार्यालयाचा संबंध नाही, तिथल्या ब्राउझरने ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असे सांगितले आणि एखादे एक्स्टेन्शन काढण्याचे बटण मुळी चालेचना, तर रजिस्ट्रीत धोरणाची नोंद टाकून ते सक्तीने बसवलेले असण्याचा दाट संभव असतो.

काढण्याचा क्रम यातूनच ठरतो: आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे फिरण्याची सोय, मग ‘अ‍ॅप्स’च्या यादीतून रीतसर अनइन्स्टॉल, मग बोलावणाऱ्या नोंदी बंद करणे, आणि सरतेशेवटी फाइल. तीही थेट न पुसता क्वारंटाईनमध्ये, म्हणजे चालू होऊ शकणार नाही पण परत आणता येईल अशा बंदिस्त जागी ठेवायची. या सावधगिरीचे मोल 21 एप्रिल 2010 रोजी जगाने पाहिले. मॅकॅफी कंपनीच्या त्या दिवशीच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधील अस्सल एसव्हीसीहोस्ट फाइलच घातक ठरवली आणि ठिकठिकाणची यंत्रे पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. तज्ज्ञांच्या कंपनीच्या हातूनही साप म्हणून भुई धोपटली जाते, तर घरी बसून ‘नाव ओळखीचे वाटत नाही’ एवढ्यावर फाइल पुसणाऱ्याने किती जपावे!

फाइल जाऊनही अपाय कसा मागे राहतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण लेनोव्हो कंपनीच्या लॅपटॉपवर सापडले. 2014 च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या तिच्या काही मॉडेलांवर सुपरफिश हे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले होते, आणि सुरक्षित पानांतही जाहिराती घालता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले होते. मूळ प्रमाणपत्र म्हणजे कोणत्या संकेतस्थळाची ओळख खरी मानायची, हे ठरवताना ब्राउझर ज्याच्यावर विसंबतो तो दाखला. सगळ्या यंत्रांवर त्याची खासगी किल्ली एकच होती, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये सुरक्षा-अभ्यासक रॉबर्ट ग्रॅहम यांनी तिचा पासवर्ड शोधून जाहीर केला. ही किल्ली हाती असलेला माणूस सार्वजनिक वायफायवर बसून बँकेचे खोटे पान खरे म्हणून दाखवू शकत होता. सुपरफिश अनइन्स्टॉल केल्यावरही ते प्रमाणपत्र संगणकात तसेच राहत होते. ते काढण्यासाठी कंपनीला पुढे स्वतंत्र साधन द्यावे लागले. म्हणून जाहिराती थांबल्यावरही जाणकार माणूस विंडोजमधील मूळ प्रमाणपत्रांची यादी उघडतो, बँकेच्या पानावर जाऊन त्या पानाचे प्रमाणपत्र कोणी दिले आहे ते वाचतो, दोन्ही ठिकाणी अनोळखी नाव नाही याची खात्री करून घेतो, आणि मगच संगणक घरच्यांच्या हवाली करतो.