आजोबांची स्टिक

माझ्या टेबलावर आजोबांची स्टिक असते. वीतभर लांबीची, कडा दुमडलेली लोखंडी पट्टी. छापखान्यातला जुळारी ती डाव्या हातात धरायचा आणि केसच्या, म्हणजे टाइपाच्या पेटीच्या, खणांतला अक्षराचा एकेक खिळा उचलून तीत ओळ रचायचा. डिग्री टाइपात तर वरची मात्रा निराळी, खालचा उकार निराळा. सगळी अक्षरं उलटी. आजोबांना ती सुलट्यासारखीच दिसत.

राजापूरकडच्या खेड्यातून मराठी चौथी होऊन ते आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, आणि गिरगावातल्या एका छापखान्यात आधी झाडलोट, मग जुळणी शिकले. कोलभाट गल्लीतल्या निर्णयसागरवरून जाताना ते हात जोडत. लहानपणी टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी 1869 साली तो छापखाना काढला, ही गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! पण गोष्ट तिथे संपत नसे. "आणि टाइप कोरले राणोजी रावजी आरूंनी," असं म्हणून ते थांबत. ते नाव आम्ही मोठ्याने म्हणायचं, मगच पुढची गोष्ट.

आजोबांनी चाळीस वर्षं पुस्तकं जुळवली. पंचांगं, कादंबऱ्या, शाळेची क्रमिकं. त्यातली काही आमच्या घरी आहेत. लेखकाचं नाव, प्रकाशकाचं, मुद्रकाचं, सगळ्यांची नावं आहेत. ती नावंही आजोबांच्याच बोटांनी जुळवलेली. त्यांचं स्वतःचं कुठेच नाही.

वडिलांना हे फार लागलं होतं. त्यांनी घरातल्याच दोन खोल्यांत प्रकाशन सुरू केलं आणि पहिल्याच पुस्तकाच्या श्रेयपानावर, मुद्रकाच्याही वर, एक ओळ घातली: अक्षरजुळणी, आणि पुढे आजोबांचं पूर्ण नाव. ते पान आजोबांनी स्वतःच जुळवलं. आई सांगते, त्या ओळीला त्यांनी अख्खी दुपार लावली.

पुढे संगणक आले. शिशाचे खिळे वडिलांनी किलोवर विकले, केसेसही गेल्या. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. स्टिक तेवढी राहिली. ती ओळही प्रत्येक पुस्तकात राहिली.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने कवितासंग्रहाची जुळणी करून दिली. श्रेयपानावर 'अक्षरजुळणी' पुढे जागा कोरी. विचारलं तर म्हणाली, "सर, माझं कशाला? मी नुसतं टाइप केलं."

मी स्टिक तिच्या हातात दिली. अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, आणि म्हटलं, "आता नाव सांग. वडिलांचं, आडनाव, सगळं."