नारळ आणि कातळ

वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ कसतो. त्याला बोअर मारायचा होता. "दादा, पाणाड्या येणार आहे, तू ये," असा निरोप आला. मी रजा टाकून सोलापूरहून गेलो.

पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला. बांधाजवळ नारळ उभा राहिला. "इथं तीन इंच पाणी," तो म्हणाला. मी बी. कॉम. झालेला, वस्तीत अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे देणारा. पण धाकट्याचा आशेने फुललेला चेहरा पाहून गप्प बसलो.

रात्री गाडी आली. मुरूम संपून काळा कातळ लागला. दोनशे फूट, तीनशे, चारशे. वर येत होता तो कोरडा फुफाटाच. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे मोजावेच लागतात. आईने मोडलेल्या पाटल्या त्या धुळीत गेल्या.

आई एवढेच म्हणाली, "तू शिकलेला. तू का नाही बोललास?"

तिला पाण्याची किंमत ठाऊक. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, तरी तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर कुणी वरून ओतले तरच तिची घागर भरायची. मी लहान असताना वस्तीत सरकारी बोअर झाला, हातपंप बसला, तेव्हा दांडा तिने स्वतः दाबला. त्या लोखंडी पंपाचा मूळ नमुना सोलापुरातच घडला. पुढे तो 'इंडिया मार्क टू' होऊन देशोदेशी गेला. त्या सोलापूरचे आम्ही, आणि नारळाच्या मागे लागलो!

मागाहून मी भूजलाच्या जाणकारांना विचारले. आपल्या कातळात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. खोल जावे तशा भेगा कमी होतात. शिवाय २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई आहे. सरकारी कागद हाताळणाऱ्या मला हे ठाऊक नव्हते!

बंधू-भगिनींनो, बोअर मारण्याआधी भूजल खात्याकडून जागा तपासून घ्या. शेजारचे बोअर किती खोल, किती आटले, हे वहीत लिहा. पावसाचे पाणी आधी रानात मुरवा. आणि घरातल्या शिकलेल्या माणसाला गप्प बसू देऊ नका. माझे गप्प बसणे आम्हांला चारशे फूट महाग पडले.