इंदूर ते उदयनगर : सायकलीवरून एक यात्रा

इंदूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे होळकरांचा राजवाडा आणि सराफ्यातील रात्रीचा खाद्यबाजार उभा राहतो. नाताळच्या सुट्टीत निघालेल्या आम्हा वसईकर मंडळींना मात्र इंदुराच्याही पुढे, देवास जिल्ह्यातील उदयनगर या खेड्यास जावयाचे होते. धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांची समाधी तेथे आहे. मोटारीने सहज जाता आले असते. परंतु तरुणांनी सायकलींचा आग्रह धरला. सहल आणि यात्रा यांची अशी सरमिसळ मला प्रथम रुचली नव्हती, हे कबूल करतो.

पहाटे लाल चर्चमध्ये मिस्सा झाली. तेथेच आमचा वाटाड्या भेटला. तो इंदुरातील निवृत्त मराठी शिक्षक. आमच्यातील धाकट्याने चाकांचे बूट बरोबर आणले होते. एका रांगेत चार चाके आणि टाचेशी रबराचा ब्रेक अशी त्यांची रचना. मुले त्यांस इनलाइन स्केट म्हणतात. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेस फ्लेमिंग भागात अशा बुटांवरून हिंडणाऱ्यांसाठी दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची गुळगुळीत डांबरी वाट बांधलेली आहे, अशी माहिती त्याने मोठ्या अभिमानाने पुरविली. गुरुजींनी बोटाने एक चाक फिरवून पाहिले. "बाळ, या चाकाला फरशीसारखा रस्ता हवा. घाटात एक खडा आडवा आला, की चाक मागे आणि तू पुढे!" बूट इंदुरातच राहिले, आणि त्यालाही सायकल मिळाली.

पोहे-जिलबीची न्याहारी आटोपून आम्ही शहर मागे टाकले. माळव्याची काळी जमीन, दुतर्फा कोवळा हिरवा गहू, मधूनच हरभऱ्याचे तुकडे. थंडी अशी की बोटे वळेनात. पुढे शेते विरळ झाली आणि सागाचे रान सुरू झाले. उतारावर दोन सायकलींत अंतर राखावे आणि केवळ पुढचा ब्रेक दाबू नये, एवढे दोनच नियम गुरुजींनी घालून दिले होते.

आमच्यात दोन मुलगे असे होते, की ज्यांच्या घरांचा वाडीत एका बांधावरून तंटा आहे. वडीलधाऱ्यांचे बोलणे बंद, म्हणून यांचेही बंद. एक सदैव पुढे, दुसरा सदैव शेवटी.

नाचनबोरच्या टेकडीपाशी गुरुजी उतरले, आम्हीही उतरलो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये बसल्या होत्या. येथे एका तरुणाने प्रवाशांदेखत त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. त्यांच्या देहावर ५४ जखमा आढळल्या. भरल्या बसमधून मदतीला कोणीही पुढे झाले नाही. केरळातील पुल्लुवळी येथे १९५४ साली जन्मलेली ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी १९९२ पासून उदयनगर भागात काम करीत होती. गरीब शेतकऱ्यांना आणि आदिवासींना तिने बचतीची आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. सावकारीवर जगणाऱ्यांना ते कसे सोसावे? त्यांच्याच चिथावणीने हे कृत्य घडले.

गुरुजींनी पुढची हकीकतही तेथेच सांगितली. २००२ सालच्या रक्षाबंधनास राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याच्या मनगटास तिने राखी बांधली. २००६ साली त्याची सुटका झाली. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्याच हातांनी तिची लेक मारली होती! ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

कोणी बोलले नाही. एक ट्रक कर्कश भोंगा वाजवीत गेला, तेव्हा कुठे आम्ही सायकलींना हात घातला.

पुढच्या चढावर मघाशी शेवटी असलेल्या मुलाची साखळी निसटली. पुढे गेलेला तो दुसरा मागे वळला. त्याने सायकल धरून ठेवली, याने साखळी बसविली. "नीट बसली का?" "बसली." एवढाच संवाद. मी मुद्दाम दूर पाहत राहिलो.

उदयनगरच्या चर्चमध्ये समाधीवर झेंडूची ताजी फुले होती. जवळच्या गावातील दोन स्त्रिया गुडघे टेकून हळू आवाजात काही मागत होत्या. आम्ही माळेची प्रार्थना केली आणि नंतर भगिनींनी प्रेमाने वाढलेला वरणभात पोटभर जेवलो. ते दोघे पंगतीत शेजारी नव्हते. परंतु परतीच्या वाटेवर त्यांच्या पाण्याच्या बाटलीची अदलाबदल झालेली मी पाहिली. बांधाचे काय होईल, ते वाडीत गेल्यावर कळेल.

ज्यांना असे जावयाचे असेल त्यांनी उजाडताच निघावे. टायर जोडावयाचे सामान आणि पाणी भरपूर घ्यावे, अंधाराच्या आत घाट सोडावा. आणि चाकांचे बूट घरीच ठेवावेत.